लोक-लोक

अजमानला, मासळीबाजारामागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर आमचा दातांचा दवाखाना.
ती आली रात्री साडेनऊला,
गालावर ओढणी दाबून.
नाव झुल्हुमोर. गाव नमनगान. काम अबाया शिवण्याचं.

फॉर्म इंग्रजीत. दुखणं कसं आहे, खूण करा:
डल. शार्प. थ्रॉबिंग.
तिने तिन्ही चौकोन पाहिले,
जशी मी पहिल्या महिन्यात
इथली विजेची बिलं बघत बसायचे.
मग जबड्याला बोट लावून म्हणाली,
लोक-लोक.

मला वाटलं, मागून माणसं आली.
वळून पाहिलं. जिना रिकामा.
लोक-लोक, ती पुन्हा,
आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

अगं, ठणकतंय! मी मराठीतच ओरडले.
ठण-ठण? तिने जिभेवर घोळवून पाहिलं,
मान हलवली. ठण म्हणजे पितळ.
तिचं दुखणं ओलं होतं.

डॉक्टर जोमोननी थ्रॉबिंगवर खूण केली.
नीट ऐकलं तर त्यातही ठोका आहे,
पण एकच. इंग्रजी एकदा सांगते
आणि पेनाचं टोपण लावते.
आम्हा दोघींना दोनदा सांगितल्याशिवाय
सांगितल्यासारखं वाटत नाही.

इंजेक्शन चढायला दहा मिनिटं.
तिचं पाणी शिल्दिर-शिल्दिर, माझं खळखळ.
कुजबुज तिच्याकडे पिचिर-पिचिर.
कुत्रा? वोव-वोव. भू-भू.
वुफ, डॉक्टर मास्कआडून म्हणाले, एकदाच,
आणि ती हसली, जाग्या असलेल्या अर्ध्या ओठाने.

अक्कलदाढ होती. तिच्याकडेही अक्ल-तिश.
अक्कल मात्र दोघींकडे एकाच दुकानातून आलेली.

मग ड्रिल.
त्याचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.

दाढ ट्रेमध्ये पडली, टण्.
कॉम्प्रेसर थांबला. खाली बर्फाची गाडीही गेलेली.
लोक? मी विचारलं.
तिने कापूस चावत तळहात आडवा फिरवला: जिमजित.
शुकशुकाट, मी म्हटलं.
तिने भुवया उंचावल्या,
गप्प बसायला एवढा आवाज?

ती गेल्यावर फाइल लावताना
त्या खुणेशेजारी मी देवनागरीत लिहिलं,
लोक-लोक.
उद्या सकाळच्या पाळीची सिस्टर विचारेल,
कुठले लोक?