उतार

सगळे म्हणतात, गॅस संपला असेल.
गॅस संपत नाही, साहेब, गळतो.
आणि इथं तोही गळत नाहीये.

जयेंद्रगंज, तिसरा मजला, मे महिना, लू.
भिंतीतल्या एसीतून पाणी
थेट पागेबाईंच्या व्हाउचरांवर.

जाळी काढली : अख्ख्या लष्कराची धूळ,
वस्त्रगाळ.
नफीसला दिली धुवायला.
कपॅसिटर ठीक. पंखा ठीक.
लेव्हलची नळी ठेवली वर,
बुडबुडा पळाला रस्त्याकडे,
म्हणजे उतार खोलीकडे.

दोघांनी मिळून मशीन ओढलं.
चौकटीच्या पार मागे
कुणीतरी कोंबलेली लग्नपत्रिका,
आठ घड्यांची, भिजून लगदा;
गणपतीची सोंड माझ्या बोटाला चिकटून आली.

‘खडखड फार व्हायची हो,’ पागेबाई म्हणाल्या.
‘भावाची आहे. मोडलं ते.
दोनशे उरल्यात. कागद मात्र चांगला.’

मी कंगवा घेतला,
कॉइलची वाकलेली पाती विंचरत बसलो,
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.
मग म्हटलं, आणखी एक द्या.
या वेळी आतल्या बाजूला लागेल.

त्यांनी खालचा खण उघडला.
तारीख न वाचता घडी घातली,
माझ्याहून सरळ.

आता पाणी बाहेर पडतं, गल्लीत.
पानवाल्याच्या कुत्र्यानं
तेवढी ओली फरशी धरून ठेवलीय.

बिलात लिहिलं : सफाई, आणि उतार.
उताराचे पैसे साहेबांनी कापले.