थर्मोकोलचं पोतं

मार्केट यार्डातले सौदे दुपारी आटपायचे.
मग वखारीचं शटर अर्धं खाली, आत आम्ही सहा जण,
एक फाटक्या आवाजाचा स्पीकर, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
आणि पुठ्ठ्यावर डोक्यावर गरगरणारा बिराप्पा कोळेकर.
फरशी हळदीनं गुळगुळीत. घाम पुसला की कपाळ पिवळं.
निवडायला बसलेल्या बायका हसायच्या,
"बायकू ठरायच्या आदीच हळद लागली की रं ह्याला."
दिवाणजी ओरडायचे, "हाडं मोडा, पण माल सांडू नका."

रात्री शंभर फुटीवर, आइस्क्रीमच्या गाड्यांपुढं रिंगण.
टोपी फिरवायचं काम माझं.
एकदा टोपीत एकशेचाळीस रुपये निघाले
आणि भडंगाची अर्धी पुडी.
पोलिसाची गाडी दिसली की पुठ्ठा काखेत
आणि पळ.

त्याची एक चाल होती.
गुडघे जरासे वाकलेले, मान ताठ, बारीक धावती पावलं,
वरनं कुणीतरी दाबतंय
आणि हा थांबायला तयार नाही, अशी.
कुठनं उचललीस, म्हणून विचारलं
तर म्हणाला, यूट्यूबवरनं.

मग मुंबईचं बोलावणं आलं.
तिथं त्यांना चाल आवडली, त्याहून जास्त
"हमालाचा पोरगा" हे दोन शब्द.
सातव्या आठवड्यात मलाप्पांना नेलं,
नवा फेटा दिला, नवं मळकं धोतर दिलं,
म्हणाले, लेकाच्या आधी तुम्ही या, पाठीवर पोतं घेऊन.
पोत्यात थर्मोकोलच्या गोळ्या.
तीस वर्षं क्विंटल पेललेल्या माणसानं
सवयीनं जोर लावला.
पोतं हवेत गेलं, मलाप्पा मागच्या मागं पडले.
कुणीतरी हसलं. मग बासरी लावली. मग सगळे रडले.
टीव्हीवर पडणं कापलं, रडणं ठेवलं.

मी माझ्या रिचार्जच्या दुकानात बसून
एकट्यानं चारशे अकरा मतं टाकली.

जिंकला. स्टँडपासून गणपतीपर्यंत फ्लेक्स,
फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा मोठा नगरसेवक.
मिरवणुकीत कुणीतरी म्हणालं, गुलाल कशाला, हळद उधळा.
भाव बघितला,
गुलालच आणला.

बक्षिसाची गाडी त्याच गाडीचा टॅक्स भरायला विकली.
वर्षभर उद्घाटनं: मोबाइलचं दुकान, साडी सेंटर,
विश्रामबागेत एक दातांचा दवाखाना.
फीत कापायच्या आधी दर वेळी तीच चाल.
पुढच्या वर्षी ओडिशाचा कुणी पोरगा जिंकला.
"माझ्याहून भारी आहे," हे बिरानंच मला सांगितलं,
चहा बशीत ओतता ओतता.
नंतर पलूस, विटा, तासगावची स्नेहसंमेलनं,
चौथी ब ला बारा दिवसांत कोळीनृत्य.
गुडघा मिरजेत उघडला. डॉक्टरांनी सेल्फी घेतला.
बिल होतं तेवढंच.

आता वखारभागात, गॅस एजन्सीच्या माडीवर क्लास आहे.
खिडकी वाऱ्यानं आपटते, तिला ट्रॉफीचं टेकण.
फी थकवणाऱ्या पोरांना तो काही म्हणत नाही,
पुठ्ठ्यावर चप्पल घेऊन आलं तर मात्र कान उपटतो.

मागच्या महिन्यात दिवाणजींच्या नातवाची वरात.
डीजेपुढं दहाबारा पोरं तीच चाल चालत होती.
त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं
की ती चाल ज्याची, तो पानपट्टीला टेकून
दुखरा पाय मोकळा करतोय.
मलाप्पा माझ्या शेजारी. बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, "ही पोरं कुणाचं वझं वाहत्यात रं?"
मी बिराकडं पाहिलं.
तो पानवाल्याला सुट्टे मागत होता, सुट्टे हातात असताना.

तोवर म्हातारा वरातीत शिरला.
एका पोराच्या मानेवर पंजा ठेवून त्यानं ती सरळ केली.
"मान हालवू नगंस. हालली की पोतं गेलं."

पोरगं वैतागलं.
"आजोबा, बाजूला सरा ना.
व्हिडिओ चाललाय."