तार पोचत नाही तिथे

चिलिलाबोंब्वेच्या पोटात, नऊशे मीटर खाली,
पाच नंबरच्या पंपापाशी मी रात्रपाळीला.
वर गाव झोपलंय.
इथे पाणी झोपत नाही.

पॅनेलवर तीन आकडे:
एकशे अठ्ठावीस. सत्त्याण्णव. एकशे एकतीस.
हे तिन्ही सेन्सर चिशालाने स्वतः बसवले होते,
दोन कॉइलमधल्या फटीत, नखाएवढे,
वरून कापडी फीत, मग वार्निश, मग भट्टी.
झाकण आवळताना म्हणाला,
"नीट बघून घे, न्कांडू.
आता हे उघडेल ते मेल्यावरच."

जुन्या खाणीत तो तळहात ठेवून ताप सांगायचा.
सातापर्यंत मोजता आलं तर ठीक,
तीनवर हात उडाला तर फोरमनला उठव.
पेन्शनच्या खिडकीत परवा
यंत्राला त्याचा अंगठाच ओळखू येईना.
"आणि हात तरी काय, बाहेरचंच सांगतो," म्हणायचा,
"कवच कोमट असतं तेव्हाच आत करपत असतं."

एकशे तेहतीस. सत्त्याण्णव. एकशे सदतीस.
मधला आकडा संध्याकाळपासून हललेला नाही.
आधी मला तोच शहाणा वाटला.
मग म्हटलं, शेजारी एवढे चढले
आणि याला घामसुद्धा नाही?
तार कुठेतरी तुटलीय,
पॅनेल जुनाच आकडा उगाळत बसलंय.

वरून कासोंडेचा फोन.
"तीन नंबर बंद आहे. चार एकटा पुरणार नाही.
सकाळपर्यंत ओढ."
ओढीन. पण दहा अंश जास्त चढले की
वार्निशचं आयुष्य निम्मं होतं, कासोंडे.
आणखी दहा, त्याचं निम्मं.
आजची रात्र तुझ्या वहीत एक ओळ,
हिच्या वहीत अख्खं वर्ष.

आणि रोटर?
मिनिटाला चौदाशे ऐंशी फेरे घेणाऱ्याला
तार बांधायची कुठे?
तो किती तापलाय ते आम्ही
प्रवाहावरून, घसरणीवरून, अदमासाने मांडतो.
न्डोलाहून नवरा फोनवर "बरा आहे" म्हणतो
आणि मी शब्द सोडून
मधल्या थांब्यांचा हिशेब करते, तसंच.

एकशे एकेचाळीस.
मी लाल बटण दाबलं.

आवाज गेला तेव्हा कळलं केवढा होता.
पंखा त्याच शाफ्टवरचा, तोही थांबला,
आणि आतली धग, वारा नाही म्हणून,
वाट मिळेल तिथे पसरली.
बेचाळीस. त्रेचाळीस.
बंद केल्यावरही ताप चढतो.
हे शिकवताना चिशाला हसला नव्हता.

फोन पुन्हा वाजतोय.
चरातलं पाणी खडूच्या पहिल्या रेघेला टेकलं.
मी हातमोजा काढते,
तळहात कवचावर ठेवते.
एक. दोन.

एकशे चव्वेचाळीस.
चव्वेचाळीस.
चव्वेचाळीस.
थांबलाय,
की हाही उगाळतोय?