जबाब क्रमांक एक्केचाळीस

पेठच्या पंचायत समितीचं सभागृह.
वर पंखा, खाली सतरंजी, समोर चौकशी समिती.
मी नाशिकहून आलेला टंकलेखक,
भत्ता रोजचा, मुक्काम विश्रामगृहात,
काम एवढंच : बोललं जाईल ते उतरवणं.

चाळिसाव्याच्या नावापुढे 'मयत' लिहून
एक्केचाळिसावी पुकारली :
जिवली धवळू भोये, राहणार खैरपाडा.
ती खुर्चीवर बसली नाही.
खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली,
बैलाचं शिंग धरावं तशी.

साहेब म्हणाले, साल सांगा.
ती म्हणाली, बांबूला फुलं आली होती.
म्हणजे कधी?
मग उंदीर झाले. मग नागली गेली.
मग आम्ही कडूकांद खाल्ला,
रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून.
मी टंकलं : 'अंदाजे'.
पुढे चार आकड्यांची जागा सोडली.

रखवालदार आला की घरटी एक माणूस वेठीला.
साग ओढायचा घाटापर्यंत,
भाकर आपली, दोर आपला.
बापाचा एक खांदा कायमचा उतरला,
घोंगडी त्यावर राहायचीच नाही.
कोंबडी द्यायची. तूप द्यायचं. गवत कापून द्यायचं.
एकदा थोरली बहीण

इथं ती थांबली.
सदस्य सचिवांनी घड्याळ पाहिलं नाही,
हे मुद्दाम नोंदवतो.
त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.
तिनं तो घेतला नाही, की तिला दिसला नाही.

कागद आहे का काही? पावती?
"कोंबडीची पावती कोण देतं, दादा?"
मागे सतरंजीवर कुणीतरी हसलं,
मग सगळेच, तीसुद्धा.
हसण्याची कळ माझ्या यंत्राला नव्हती.

वेठीचं मी 'विनामोबदला श्रम' केलं.
डोंगराचं 'राखीव वनक्षेत्र'.
बहिणीचं 'अनुचित वर्तन'.
आणि ती थांबली होती ती दोन मिनिटं
परिच्छेद बदलून भागवली.

नियम असा, की जबाब वाचून दाखवायचा.
वाचला. सव्वा पान, शुद्धलेखन चोख.
ती मान खाली घालून ऐकत होती,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.
संपलं तेव्हा डोळे पुसले
आणि मला हळूच विचारलं,
"लई सोसलं बिचारीनं.
कुठल्या पाड्याची रं ही बाई?"

मी शाईची डबी उघडली.
निशाणी डावा अंगठा.
रेषा फारशा उरल्याच नव्हत्या त्यावर;
दोनदा उठला नाही,
तिसऱ्यांदा नुसता काळा गोल.
खाली मी लिहिलं :
वाचून दाखवला, बरोबर आहे.

उरलेली शाई तिनं टेबलाच्या पायाला पुसली.
सागाचा होता, जुना.
बाहेर शिपायानं पुकारलं,
बेचाळीस.