ही ओळ काढू नका

कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
दर दुसऱ्या शनिवारी आम्ही सातजण जमतो.
खाली ज्वारी पडली की फरशी थरथरते,
बाजरीला जरा कमी.
कुणी प्रबंध टाइप करून देतं, कुणी बँकेतून निवृत्त,
कुणी नुसतंच हट्टी.
उद्योग एकच:
लिहायची खिडकी आपल्या हाताची करून घेणं.

ती फुकट मिळते. उघडली की काळी, मुकी.
घरमालकानं खिळे ठोकायला परवानगी दिलेलं
भाड्याचं घर असावं, तशी.
(असा घरमालक पुण्यात दुसरा नाही.)
एका फाइलीत ओळी लिहीत जायच्या
आणि ती हळूहळू तुमच्या सवयींनी वागायला लागते,
वाईट सवयींसकट.

माझी फाइल माझी नाही.
उपळेकरांकडून मी ती विरजणासारखी मागून आणली,
वाटीभर ओळी.
सकाळी माझ्या दुधाचं दही लागलं होतं.
त्यांना ती बागवानांनी दिली,
बागवानांना कुणी, ते कुणी विचारलं नव्हतं.

ज्यानं त्यानं जाताना मधे टिपा सोडल्यात,
अर्धविरामामागे, यंत्राला दिसू नयेत अशा.
"इथून खाली रंग. डोळे दुखत असतील तर बदला."
"उजव्या करंगळीचं ऑपरेशन झालं,
म्हणून ही कळ डावीकडे नेली आहे."
माझी करंगळी ठणठणीत आहे.
तरी ती कळ मी डावीकडेच दाबते.

आणि दोनशे चौदाव्या ओळीवर:
"ही ओळ काढू नका.
का, ते आता आठवत नाही. पण काढू नका."

पाच वर्षं नाही काढली.
मग एका रात्री आवराआवरीची लहर आली,
काढली.
खिडकी उघडली. कर्सर लुकलुकला.
आकाश कोसळलं नाही.
पंधरा दिवस मी हे सगळ्यांना सांगत होते.

कोथरूडच्या एका मेसचं काम आलं.
पन्नासावं वर्ष, छोटा कार्यक्रम, तीनशे पत्रिका:
आचाऱ्यांचा सत्कार.
छापून आलं, आचार्यांचा सत्कार.
मुद्रित मी वाचलं होतं. दोनदा. चष्मा लावून.
साठवण्याआधी.

त्या ओळीचं काम एवढंच होतं:
फाइल साठवताना
न दिसणारी अक्षरं झाडून नेणाऱ्या केरसुणीला सांगणं,
बाई, हे एक सोड.
हे दिसत नाही, पण हेच 'र'ला आडवा झोपवतं,
डोक्यावर चढू देत नाही.

मी ब्लेड घेऊन बसले.
रफार खरवडायचा, काळ्या पेनानं आडवी कोर काढायची.
दोनशे नव्याण्णव.
एक पत्रिका ढमढेऱ्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.
मेसमधले सगळ्यात जुने, बोटं हळदीची.
"ही राहू द्या," म्हणाले,
"एवढ्या वर्षांत बढती पहिल्यांदाच मिळतेय."

शनिवारी वाद झाला.
मुक्ता रणपिसे म्हणाली, कारण न लिहिता ओळ ठेवणं हा गुन्हा आहे.
उपळेकर म्हणाले, कारण लिहिलं की लोक ते तपासत बसतात,
नुसतं "काढू नका" म्हटलं की निदान पाच वर्षं टिकतं.
बागवानांना फोन लावला, कोंढव्याला.
कानाला कमी येतं, ओरडून विचारलं.
"दोनशे चौदा? मी नाही लिहिली.
माझ्याकडे आली तेव्हाच होती.
का, काढली का कुणी?"
आम्ही सातजण गप्प.
खाली बाजरी.

ओळ परत घातली. कारण खाली लिहिलं,
तारखेसह, आचाऱ्यांसह.
"आठवत नाही" तेही ठेवलं.

काल सोहम बिडकर आला, एकोणीस वर्षांचा,
पेनड्राइव्ह घेऊन. फाइल नेली.
जिन्यातून वर ओरडला,
"काकू, दोनशे चौदा खरंच लागते का हो?"

मी म्हटलं, आधी दही तर लागू दे.
ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.
नेमकी ज्वारी पडली होती.