कारणाचा रकाना

मकरपुऱ्यात आमचा व्हॉल्व्हचा कारखाना.
माझं काम सही करणं, बहुतेकदा न करणं.
अकरा वर्षांत माझ्या पेनानं
काही फुटू दिलं नाही,
काही उगवूही दिलं नाही.

एप्रिलात ऋत्वी पांचाल आली,
हातात उघडा सर्किट-बोर्ड,
रबरबँडनं बांधलेला माईक.
"मॅडम, हा गळती ऐकतो.
राठवाकाका ऐकतात तशी."

राठवाकाका म्हणजे
स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हला,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
हवा कुठून निसटते ते त्यांना
दातदुखीसारखं कळतं.

"नाही" तोंडात तयारच होतं,
सुपारीसारखं, नेहमीच्या गालात.
पण नकाराचंही कारण लिहायचं,
हा नियम मीच केलेला, दिवाळीनंतर.
कारण: आजवर कुणी केलं नाही.
कारण: मला यातलं कळत नाही.
दोन्ही खोडली.

मग दिला शेड नंबर चारचा कोपरा,
तीन महिने, भंगारातले व्हॉल्व्ह.
गिऱ्हाइकाच्या मालाला हात नाही.
यंत्रानं सांगावं, ठरवावं काकांनी.
लाल बटण काकांच्या बाजूला.
चूक कुणाचीही असो, वहीत, त्याच दिवशी.

"म्हणजे कुंपणच," ऋत्वी म्हणाली.
हो. पण शेत खाणारं कुंपण
मी ओळखते.
फार वर्षं मीच होते ते.

पहिल्या आठवड्यात माईकला
पंखाच गळताना ऐकू आला,
मग फाटकातला टेम्पो,
मग चहावाल्याची शिट्टी.
वही भरत गेली.
काका मिशीत हसत गेले.

चाळिसाव्या दिवशी
यंत्र म्हणालं, गळतोय.
काका म्हणाले, ठणठणीत.
पाण्यात बुडवला.
बराच वेळ काहीच नाही.
मग तळाशी
मोहरीएवढा
एक बुडबुडा.

कुणी बोललं नाही.
काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला,
माझ्यापुढची वही ओढली,
आणि गुजराती वळणाच्या,
शिरोरेघ नसलेल्या अक्षरात लिहिलं:
माझा कान चुकला.
खाली सही, तारीख, वेळ.

संध्याकाळी तिघांनी सेव-उसळ खाल्ली.
पैसे काकांनी दिले, ऐकलंच नाही.
"आता खऱ्या मालावर?" ऋत्वीनं विचारलं,
तर्री पुसत.

यंत्राच्या चौदा चुका अजून उघड्या होत्या.
नाही म्हटलं.
दुसऱ्या दिवशी कारण लिहिलं,
रकाना पुरला नाही,
समासात गेले.

तिनं सगळं वाचलं.
स्टूल ओढलं,
आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवून
काकांना हाक मारली.