सातवा रकाना

सकाळी नऊ ते दोन, साठ नंबर.
भवानी पेठेच्या क्षेत्रीय कार्यालयात,
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागं आमची आठ टेबलं,
सहा-सहा फुटांवर खडूनं आखलेली.
करार सहा महिन्यांचा, मास्क स्वतःचा.
नाव, वय, गल्ली, ताप, खोकला, घरात माणसं किती,
ऑक्सिजन.
हा सातवा रकाना. यात आकडाच लिहायचा, शब्द चालत नाहीत.

खळदकर, वय एकसष्ट, गंज पेठ.
लग्नातल्या बँडचे मालक. गल्लीच्या तोंडाला पत्रा.
"ऑक्सिजन किती, काका?"
"यंत्र नाही, ताई. मेडिकलवाला अठराशे सांगतोय,
आणि आमचा आख्खा सीझन पेटीत कुलपात.
थांबा जरा."
फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज.
मग क्लॅरिनेट.
एकच सूर, सरळ,
पत्र्यापासून माझ्या टेबलापर्यंत कुणी दोरी ताणून धरावी तसा.
"मोजलंत?"
मोजलं नव्हतं. दुसऱ्यांदा मोजलं. बावीस.
सातव्या रकान्यात मी लिहिलं: ९७.

कुठल्या परिपत्रकात बसतं हे?
परिपत्रकं तर रोज यायची,
सकाळचं संध्याकाळी रद्द.
दूध सहा ते आठ. मग दहा ते बारा. मग दूधच नाही.
विलगीकरण चौदा दिवस, मग दहा, मग सात.
आजार तोच होता, खाटा कमी झाल्या होत्या.

बाकीचे एकोणसाठ आकडा सांगायचे
आणि फोन ठेवायचे नाहीत.
लोहियानगरातली एक बाई रोज म्हणायची,
आणखी काही विचारायचंय का?
मी विचारायचे, भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करता.
एक पोरगा, कामावरून काढलेला, म्हणाला,
ताप नाही. झोप पण नाही.
झोपेचा रकाना आहे का तुमच्याकडं?
नव्हता.

तिसऱ्या दिवशी एकोणीस. पाचव्या दिवशी चौदा.
मी ९५ लिहिलं, मग ९३. गणित माझं मीच बसवलेलं.
खळदकर मधेच बोलायचे:
"प्लेगात आमच्या पणजोबांच्या दारावर म्हणे डांबराची खूण केली होती.
तुम्ही पत्रा ठोकलात. प्रगती आहे."
हसले, आणि हसण्यातच धाप लागली.
"अकरा पोरं गावी गेली टेम्पोनं.
ट्रंपेटवाला गाड्यावर कांदे विकतोय.
ओरडायला दम आहे त्याला, मीच घटवून घेतलाय."

आठव्या दिवशी सूर सहावर गेला.
थांबला नाही. हवा येत राहिली,
तिच्यात सूर नव्हता.
मी ८८ लिहिलं.
साहेब म्हणाले, मोजलं कशानं?
म्हटलं, यंत्रानं.
खोटं नव्हतं. काळ्या लाकडाचं होतं.
खाट मिळाली रात्री सव्वातीनला, बालेवाडीकडं कुठंतरी.

पुढं तो नंबर कुणी उचलला नाही.
मग आमचा करारही संपला, एका मेसेजवर.
त्यात धन्यवाद दोनदा लिहिलं होतं.

नवरा झोपला की अजून मी त्याचा श्वास मोजते.
डॉक्टर म्हणाल्या, जाईल सवय.
चार वर्षं झाली.

परवा खराडीत, मैत्रिणीच्या सोसायटीच्या गेटवर
खाकी टोपीतला एक वाळका माणूस
मागं येणाऱ्या गाडीला शिट्टी देत होता.
साधी, प्लास्टिकची, दोरीला अडकवलेली.
सूर मात्र सरळ.
मी रजिस्टर भरलं: नाव, कुणाकडं, वेळ, सही.
चेहरा मी पाहिला होता कधी?
बँड विकलात का, असं अनोळखी माणसाला कसं विचारायचं?

गाडी केव्हाच लागली होती.
तो फुंकतच होता.
अकरा, बारा,
मागं कुणीतरी हॉर्न दिला,
तेरा